प्लास्टिकची बोटं आणि सैल तारा : टोनी आयोमीची गिटार अशी का वाजते?

मागच्या काही भागांत आपण बँड्सबद्दल बोललो, आज एकाच माणसाबद्दल बोलू. खरं तर त्याच्या दोन बोटांबद्दल. ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणे भाग लिहून काढलाय. बोलताना केलेली पाल्हाळ थोडी कापली आहे, सगळी नाही.

टोनी आयोमी म्हणजे ब्लॅक सॅबथचा गिटारवादक. जन्म १९४८, इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम. आईवडील इटालियन वंशाचे, ॲस्टन या कामगार वस्तीत त्यांचं छोटं दुकान. घरात अ‍ॅकॉर्डियन वाजायचं, त्यामुळे पोराच्या हातातही आधी तेच आलं. त्याला हवे होते ड्रम्स, पण घरात तेवढी जागा आणि तेवढा आवाज सोसायची तयारी कुठली! मग गिटार. त्या काळातल्या बहुतेक इंग्लिश पोरांसारखाच हाही 'द शॅडोज'च्या नादी लागला. शॅडोजचा हँक मार्विन म्हणजे लाल स्ट्रॅटोकास्टर, स्वच्छ आवाज, भरपूर इको आणि गाणाऱ्याशिवायच पूर्ण वाटणारी धून. १९६० च्या 'अपाची'ने ब्रिटनमध्ये किती जणांना गिटार घ्यायला लावली असेल त्याची मोजदाद नाही. आयोमी शब्दांच्या आधी धून शोधतो, ते मला इथूनच आलेलं दिसतं. त्याच्या गाण्यांत गायकाला बऱ्याचदा रिफच्या मागे मागे चालावं लागतं.

आता तो दिवस. साल १९६५, वय सतरा. पत्र्याच्या कारखान्यात तो वेल्डिंग करायचा. नोकरी सोडली होती, बँडबरोबर जर्मनीला जायचं ठरलं होतं आणि हा कामाचा शेवटचा दिवस. जेवायला घरी आला तेव्हा म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, जा, दिवस पूर्ण कर. (आईचं हे वाक्य कुठल्याही भाषेत सारखंच असतं.) परत गेला, तर प्रेस चालवणारा माणूस आला नव्हता. याला त्या मशीनवर उभं केलं. प्रेस शॉप म्हणजे काय हे भोसरी-चाकणकडच्या श्रोत्यांना समजावून सांगायला नको. मशीन हातावर आलं, त्याने हात ओढला आणि मधल्या बोटाचं व अनामिकेचं टोक मागे राहिलं.

आयोमी डावखुरा, म्हणजे तो छेडतो डाव्या हाताने आणि तारा दाबतो उजव्या. गेली ती उजव्या हाताची बोटं. उजव्या हाताची गेली म्हटल्यावर आपल्याला वाटतं, चला, छेडायचा हात गेला, निभावेल. तसं नव्हतं. ज्या बोटांनी सूर बनतात तीच गेली. डॉक्टरांनी सांगितलं, गिटार विसर.

कारखान्यातला वरिष्ठ त्याला भेटायला आला तो एक रेकॉर्ड घेऊन. आयोमीला त्या अवस्थेत संगीत ऐकायची अजिबात इच्छा नव्हती. पाहुण्याने आग्रहाने लावायला लावली आणि मग सांगितलं, हा माणूस दोन बोटांनी वाजवतोय.

तो माणूस म्हणजे जँगो राइनहार्ट. जन्म १९१०, बेल्जियम, फिरत्या रोमा कुटुंबातला. १९२८ मध्ये त्याच्या घोडागाडीतल्या घराला आग लागली. बायको विकायला सेल्युलॉइडची फुलं बनवायची, ती भडकली. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी आखडली ती कायमची. १९३४ मध्ये तो व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेलीबरोबर पॅरिसमध्ये 'क्विंटेट दु हॉट क्लब दे फ्रान्स'मध्ये वाजवत होता. एकेक सुराच्या ताना दोन बोटांनी, आणि अधू बोटं जमेल तेवढी कॉर्डला. त्या बँडमध्ये ड्रम नव्हता, म्हणून गिटारनेच मोठ्याने बोलायला हवं. त्यासाठी सेल्मर कंपनीची मोठ्या आवाजाची गिटार.

गंमत बघा, आयोमीचं संगीत एकूण जँगोच्या संगीतासारखं वाटत नाही. आपण 'प्रभाव' म्हणतो तेव्हा वाजवण्याची नक्कल डोळ्यासमोर असते. इथे प्रभाव एवढाच की हे शक्य आहे हे कळलं. बाकीचं ज्याचं त्याने शोधायचं.

त्याने शोधलं ते असं. भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवली, गोळा केला, तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने भोक पाडलं, बोटात बसेपर्यंत घासलं. टोपण झालं, पण तारेवरून घसरायला लागलं. मग जुन्या जॅकेटचं चामडं कापून वर चिकटवलं. आता पकड आली, पण स्पर्श गेला. तार किती दाबली हे बोटाला कळतच नाही, ते कानाने ठरवायचं. जाड तारा वाकवताना टोपण निघायचं. त्या काळी इंग्लंडच्या दुकानांत हलक्या तारांचे संच मिळत नव्हते, म्हणून त्याने बँजोच्या बारीक तारा गिटारवर चढवल्या.

इथे थोडं गणित, मला राहवत नाही. तारेचा ताण तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो आणि साध्या तारेचं वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात. सगळ्यात पातळ तार इंचाच्या दहा हजारांश… नाही, दहा सहस्रांश जाडीची होती, ती आठ सहस्रांश केली, तर ताण ६४ टक्क्यांवर येतो. तार काढून दुसरी लावली एवढंच, आणि बोटावरचा एक तृतीयांशाहून जास्त भार गेला.

इंटरनेटवर एक गोष्ट सारखी फिरते : बोटं तुटली, म्हणून त्याने गिटारचे सूर खाली उतरवले, म्हणून हेवी मेटल जन्मलं. छान बसते, पण तारखा बघा. अपघात १९६५. पहिला अल्बम १६ ऑक्टोबर १९६९ ला एका दिवसात रेकॉर्ड झाला, १३ फेब्रुवारी १९७० ला आला. तो आणि 'पॅरानॉइड' नेहमीच्याच सुरात आहेत. तीन स्वर (सेमीटोन) खाली उतरलेली गिटार ऐकू येते १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'वर, 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह' आणि 'इंटू द व्हॉइड'मध्ये. म्हणजे मध्ये सहा वर्षं. त्याने स्वतः दोन्ही कारणं सांगितली आहेत : बोटांना सोपं जातं आणि आवाज मोठा होतो. ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे तीन सेमीटोन खाली गेलं की तो साधारण ७१ टक्के उरतो. पण 'ब्लॅक सॅबथ' हे गाणं ऐकताना जी भीती वाटते ती खाली उतरवलेल्या सुरांची नाही. ती षड्जाशी तीव्र मध्यमाचं जे नातं, त्या अंतराची आहे. बासवादक गीझर बटलर आदल्या दिवशी होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स'मधला 'मार्स' वाजवत बसला होता, त्यातून ती रिफ सुचली.

(इथे भागात तीन सुरांचा छोटा तुकडा वाजवून दाखवला आहे. माझ्याच गिटारवर, सांभाळून घ्या.)

गिटारची निवडही अशीच अर्धी अपघाताने. त्याच्याकडे स्ट्रॅटोकास्टर होती, हँक मार्विनसारखी. पहिल्या अल्बमच्या वेळी एक गाणं झालं आणि तिचा पिकअप गेला. हाताशी पर्यायी म्हणून गिब्सन एसजी होती, तिच्यावर उरलेलं सगळं वाजवलं आणि पुढे स्ट्रॅटकडे परत फिरलाच नाही. डावखुऱ्यांसाठीच्या गिटार तेव्हा दुर्मीळ. ही त्याने आपली उजव्या हाताची एसजी देऊन बदल्यात मिळवली होती. अँप लेनी, १९६७ मध्ये बर्मिंगहॅममध्येच सुरू झालेली कंपनी. आणि गिटार व अँपच्या मध्ये डॅलस रेंजमास्टर नावाची छोटी पेटी, जर्मेनियम ट्रान्झिस्टरची, वरचे सूर वाढवणारी. गंमत म्हणजे 'सगळ्यात जड आवाज' म्हणून ओळखला जाणारा हा आवाज बारीक तारा आणि ट्रेबल वाढवणाऱ्या पेटीतून आलाय. जड आवाजासाठी जाड तारा लागतात असं मला कॉलेजात सगळे सांगायचे. मी तेरा सहस्रांशच्या लावल्या आणि दोन आठवड्यांत गिटार खुंटीला टांगली.

कारखान्यांचा खणखणाट त्यांच्या संगीतात उतरला, असंही ऐकायला मिळतं. असेल. मला मात्र ते जरा सोयीचं वाटतं. त्याच बर्मिंगहॅममधून सौम्य पॉप वाजवणारेही निघाले. कारखान्याने आयोमीला आवाज दिला की नाही माहीत नाही, त्याची बोटं घेतली हे नक्की.

आणखी एक छोटी गोष्ट. १९६८ च्या शेवटी तो काही आठवडे जेथ्रो टलमध्ये गेला होता. रोलिंग स्टोन्सच्या 'रॉक अँड रोल सर्कस'मध्ये त्यांच्याबरोबर दिसतोही, फक्त गिटार वाजवण्याचा अभिनय करताना. पण इयन अँडरसन सकाळी नऊला सराव सुरू करतो हे पाहून आला आणि आपल्या बँडलाही सकाळी उठवायला लागला. ऑझीला सकाळी नऊला उठवणं हे प्लास्टिकच्या बोटांपेक्षा अवघड काम असणार.

पुढे टोपणं सुधारली. फेब्रुवारी २०१७ मध्ये सॅबथचा निरोपाचा दौरा बर्मिंगहॅमला संपला, आणि ५ जुलै २०२५ ला ॲस्टनच्या व्हिला पार्कवर ते चौघं शेवटचे एकत्र वाजवायला उभे राहिले. तेव्हाही आयोमीच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांवर टोपणं होती, वर चामडं चिकटवलेली.