शाळेच्या बागेला चूल मिळाली

गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यात, नागझिऱ्याच्या जंगलाच्या कुशीत बोदलकसा आहे. बाहेरची माणसं इथं येतात ती १९१७ सालच्या जलाशयासाठी आणि हिवाळ्यात त्यावर उतरणाऱ्या पाखरांसाठी. इथल्या मुलांना मात्र तलावाइतकीच बाडीही जवळची. घरामागचं काट्यांचं कुंपण, आत वांगी, मांडवावर पोपटाच्या शेंगा, कोपऱ्यात मुनगा आणि सांडपाण्यावर माजलेली कोचई. शाळेच्या आवारातही अशी परसबाग असावी, यासाठी केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं २०१९ मध्ये शालेय पोषण बागांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यामुळे ही कल्पना अलीकडेच एखाद्या परिपत्रकातून निघाली, असा समज सहज होतो. तिचं कूळ फार जुनं आहे, आणि त्यातली एक ठळक शाखा आपल्याच जुन्या प्रांतातली आहे.

युरोपातली पिढी थोडक्यात सांगतो. शाळेला बाग हवी, हे सतराव्या शतकात कोमेनियस या शिक्षणचिंतकानं लिहून ठेवलं. १८३७ मध्ये जर्मनीत फ्रोबेलनं लहान मुलांसाठी जी शाळा काढली, तिथं बागकाम हा शिक्षणाचाच भाग झाला आणि मुलांना आपापले वाफे मिळाले. मूल पेरतं, वाट पाहतं, त्यातून शिकतं, हा त्यामागचा विचार. उगवलेलं खायचं कुणी, हा प्रश्न तिथं फारसा महत्त्वाचा नव्हता.

आपल्याकडे तो प्रश्न पहिल्यापासून होता, कारण आपल्या शाळेला मुळात पैसाच नव्हता. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा मध्य प्रांत व वऱ्हाडात. १९३७ मध्ये काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं आणि शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना मांडली. गावानं, दात्यानं शाळेला जमीन द्यायची आणि तिच्या उत्पन्नातून शाळा चालवायची, गुरुजींचा पगारही त्यातूनच. धानाच्या मुलखात ही कल्पना लोकांना परकी वाटण्याचं कारण नव्हतं; पूर्व विदर्भातले तलाव गावकऱ्यांनी, विशेषतः कोहळी समाजानं, पिढ्यान्‌पिढ्या बांधले आणि राखले होते. सामाईक गोष्ट सामाईक जमिनीवर उभी करायची, ही या भागाची जुनी रीत. योजनेसाठी वर्ध्याला शिक्षकांची प्रशिक्षणशाळाही १९३८ मध्ये सुरू झाली. पुढं योजनेच्या नावावरून मुस्लीम लीगनं विरोध केला, १९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि ती खुंटली. मला मात्र तिच्यात एक उणीव दिसते: शेत शाळेला पोसणार होतं, त्या शेतातून मूल काय शिकेल, हा विचार मागं पडला होता.

तो विचार त्याच सुमारास, वर्ध्यातच, दुसरीकडे चालला होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथं राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनं सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आराखडा केला आणि सूतकताई, सुतारकाम यांच्याबरोबर शेती आणि फळं-भाज्यांची बाग हेही मूलोद्योग ठरवले. वाफा मोजताना गणित, खत कुजवताना विज्ञान. सेवाग्रामला आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्यानं हे करून दाखवलं. तिथलं सर्वांत मोठं काम मला बागेतलं नाही, स्वयंपाकघरातलं वाटतं. मुलं भाजी पिकवत, तीच शिजवत, कोणत्या पदार्थातून शरीराला काय मिळतं याचा हिशेब करत, आणि जातीचा विचार न करता एका पंक्तीत जेवत. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातही सगळ्या जातींची मुलं शेतात राबत आणि एकत्र जेवत. पिकवणं आणि जेवणं यांच्यातली भिंत या माणसांनी पाडली.

स्वातंत्र्यानंतर ती भिंत हळूहळू पुन्हा उभी राहिली. कोठारी आयोगानं १९६४–६६ मध्ये कार्यानुभवाची शिफारस केली. हेतू उत्तम होता, पण बहुतेक शाळांत त्याचा एक तास झाला, गुणपत्रिकेतली एक ओळ झाली. गुरुजी फुलझाडं लावून घेत, दगडांना चुना फासून घेत. मुलांच्या हातून बाग होई, पण त्यांच्या ताटात काही येत नसे. शाळेत ताटच नव्हतं. १५ ऑगस्ट १९९५ ला पोषण आहार योजना आली, तेव्हाही मुलांना महिन्याला तीन किलो कच्चा तांदूळ घरी नेण्यासाठी मिळे.

कुळाला खरं वळण मिळालं २८ नोव्हेंबर २००१ ला. सर्वोच्च न्यायालयानं प्राथमिक शाळांत शिजवलेलं अन्न देण्याचा आदेश दिला. शाळेत चूल पेटली आणि बागेच्या शेजारी स्वयंपाकघर आलं. सेवाग्रामनं जे मोजक्या मुलांसाठी केलं होतं, त्याची निम्मी सोय एका आदेशानं लाखो शाळांत झाली. शाळेच्या बागेच्या इतिहासात मी हा दिवस सर्वांत वर ठेवतो, जरी त्या आदेशात बागेचा प्रश्न नव्हता, भुकेचा होता.

पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी, असं प्रमाण ठरलेलं आहे. साठ मुलांच्या शाळेला म्हणजे रोज तीन किलो भाजी. एवढी भाजी छोट्या बागेतून वर्षभर निघत नाही, आणि निघावी असा हट्टही धरू नये. आठवड्यातून दोनदा मुनग्याचा पाला वरणात पडला, भोपळा खिचडीत गेला, सांबार म्हणजे कोथिंबीर मुलांनीच खुडून आणली, तरी पुष्कळ झालं.

बोदलकशासारख्या गावात तर मूल शाळेत यायच्या आधीच बरंच शिकलेलं असतं. धान उभा असतानाच त्यात लाखोळी टाकतात, हे त्याला ठाऊक असतं. पावसाच्या सुरुवातीचा कोवळा तरोटा कुठला, काटवलाचा वेल कुठं चढतो, बांबूचे वास्ते कधी फुटतात, हे ते आजीबरोबर फिरून शिकतं. परसबागेच्या तासाला शिक्षकानं आधी या मुलांना विचारावं, मग सांगावं. गावातल्या बायकांकडचं पोपट, वांगी, काकडी यांचं घरचं बियाणं शाळेत यावं. कुणाच्या घरचं कुठलं बी, हे मुलांनी लिहून ठेवावं. एवढ्यानं जीवशास्त्राचा अर्धा धडा होतो.

अडचणी या भागाच्या आपल्या आहेत. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, तोवर पेरणीचा पहिला पाऊस होऊन गेलेला असतो. जुलैत रोवणी लागली की घरोघरी हातांची गरज पडते. जंगल जवळ, त्यामुळे रानडुकरं आणि माकडं. एप्रिलमध्ये मोहफुलं, मेमध्ये तेंदूपानं, गावं पहाटेच रिकामी होतात आणि मेमध्ये शाळेलाही सुटी असते. वाफे त्याच दिवसांत जळतात. म्हणून इथल्या बागेत उन्हाळा काढणारी झाडं आधी हवीत, मुनगा, कढीपत्ता, हात धुण्याच्या पाण्यावर केळी आणि कोचई. वेलभाज्या पावसाळ्यासाठी, पालक, मेथी, सांबार दिवाळीनंतर. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना बागेच्या नियोजनात पहिल्या दिवसापासून घ्यावं, कारण उद्या पातेल्यात काय पडणार, हे त्यांना ठाऊक असतं. आणि बियाण्यांची पाकिटं वाटायच्या आधी कुंपणाचे आणि मे महिन्यातल्या पाण्याचे पैसे शाळेच्या खात्यात जमा झाले पाहिजेत.