लाल बॉल जिथल्या तिथे

साल १९९६. चर्चगेटबाहेर जुलैचा पाऊस आडवा लागलाय आणि तुम्ही एका जिमखान्याच्या मागच्या दाराने आत शिरताय. उंबऱ्याशीच मार्कर, म्हणजे टेबल राखणारा आणि गुण मोजणारा माणूस, अडवतो.

"पाय पुसा आधी. छत्री बाहेर ठेवा. ओल आत नको."

एवढं काय जपायचं, ते दिव्याखाली गेल्यावर कळतं. टेबल बारा फूट लांब, सहा फूट रुंद. हिरव्या कापडाखाली पाटीच्या दगडाच्या पाच शिळा जोडून केलेली सपाटी, वजन टनाच्या वर. कापड लोकरीचं. पावसाळ्यात ते ओल धरतं आणि बॉल जड चालायला लागतो. म्हणून मार्करने आधी ब्रश मारलाय, तोही एकाच दिशेने, खेळाडू उभा राहतो त्या टोकाकडून समोरच्या टोकाकडे, कापडाची लव बसते तसा. आता तो त्यावरून जड इस्त्री फिरवतोय. उलटी फिरवली तर हळू सोडलेला बॉल शेवटच्या वीतभर अंतरात वाट सोडतो, असं तो तुम्हाला सांगतो, आणि सांगताना त्याची नजर कापडावरून हलत नाही.

भिंतीलगतच्या उंच बाकावर विल्सन जोन्स बसलेत.

चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. हॉलमध्ये कोणी त्यांच्याकडे वळून बघत नाही, कारण इथे सगळ्यांना सवय झालीय. तुम्हाला नाही. तुम्ही तीस वर्षं पुढून आलाय आणि आजपर्यंत हे नाव फक्त छापलेलं पाहिलंय. नमस्कार करता. ते मान हलवून शेजारची जागा दाखवतात. बसा. विचारायचे प्रश्न बरेच आहेत, पण इस्त्री आटोपलीय, समोर एक मुलगा खेळायला लागलाय आणि त्यांचं लक्ष तिकडे आहे.

टेबलावर तीनच बॉल आहेत. तुमच्या काळात बिलियर्ड्स म्हटलं की लोकांना रंगीबेरंगी बॉलचा त्रिकोण आठवतो. तो स्नूकरचा किंवा पूलचा. स्नूकर जन्मला आपल्याच पावसात, १८७५ मध्ये, जबलपूरच्या छावणीत, कंटाळलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. बिलियर्ड्स त्याहून जुना. आपल्या बॉलने बाकीच्या दोघांना स्पर्श केला की कॅनन, त्याचे २. लाल पॉकेटमध्ये घातला तर ३, समोरच्याचा बॉल घातला तर २. आणि आपलाच बॉल लालला लागून पॉकेटमध्ये गेला तर तो इन-ऑफ, त्याचेही ३.

या खेळाची खरी गोष्ट वेगळीच आहे. स्नूकरमध्ये टेबल रिकामं होत जातं आणि फ्रेम संपते. बिलियर्ड्समध्ये काही संपत नाही. लाल पडला की मार्कर तो पुन्हा जागेवर ठेवतो. तेच तीन बॉल, तुम्ही चुकेपर्यंत. त्यामुळे गुण मिळवणं हे निम्मंच काम. बॉल थांबतील कुठे, हे दुसरं निम्मं, आणि चॅम्पियन त्या दुसऱ्या निम्म्यावर होतो, असं माझं ठाम मत आहे. जोन्स यांच्यामागून आलेल्या मुंबईच्या मायकल फरेरांनी १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत एका ब्रेकमध्ये, म्हणजे मध्ये एकदाही न चुकता, १,१४९ गुण केले. हौशी खेळात हजार त्याआधी कोणी ओलांडले नव्हते. दोन-दोन, तीन-तीन करत हजाराच्या पुढे जायचं तर किती फटके लागतात याचा हिशेब करा, आणि त्यातला एकही पुढची सोय न करता मारलेला चालत नाही.

मुलगा नेम धरतो. लाल टेबलाच्या मध्याच्या जरा पुढे आहे. त्याने आपला बॉल टेबलावर आखलेल्या अर्धवर्तुळात ठेवलाय, त्याला लालवरून मधल्या पॉकेटमध्ये जायचंय. फटका बसतो, पांढरा आत जातो. मुलगा हसून बाकाकडे बघतो. जोन्स यांची नजर मात्र लालवर आहे. तो समोरच्या कुशनला लागून परत आला, पण हातभर जास्त आला. ३ मिळाले, पुढचे गेले. मुलाचं हसू मावळतं. त्याला समजलंय.

आता इथूनच आणखी मागे चला.

कलकत्ता, १९५८. हौशी बिलियर्ड्सची जागतिक स्पर्धा. खुर्च्यांच्या रांगा, कोट-टाय घातलेले पंच, आणि टेबलापाशी छत्तीस वर्षांचा विल्सन जोन्स. इंग्लंडचा लेस्ली ड्रिफिल्ड आलाय, १९५२ मध्ये याच शहरात जगज्जेता झालेला. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचंय. इथे टाळ्या आवरत्या वाजतात, ओरडणं चालत नाही, म्हणून तुम्हाला मुठी मिटून बसावं लागतं. स्वातंत्र्याला अकरा वर्षं झालीत. खेळाचं पुस्तकी नावच इंग्लिश बिलियर्ड्स आहे, नियम त्यांचे, टेबलं त्यांची, क्लबांच्या दारावरच्या पाट्या कालपरवापर्यंत त्यांच्या. आणि त्या खेळात एक हिंदुस्थानी जग जिंकतो. कुठल्याही खेळातला वैयक्तिक जगज्जेता, आपल्या देशाचा पहिला.

हा माणूस पुण्याचा. २ मे १९२२ चा जन्म, अँग्लो-इंडियन घरातला, बिशप्स आणि सेंट व्हिन्सेंट्समध्ये शिकलेला. खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीचं कांस्यपदक आपल्याला पाठ आहे, गावाने काढलेल्या बैलगाड्यांच्या मिरवणुकीसह, आणि ते असायलाच हवं. त्यानंतर सहाच वर्षांनी पुण्यात जन्मलेल्या माणसाने जग जिंकलं, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. मला याचं वाईट वाटतं. कुस्तीचा आखाडा गावात असतो, क्रिकेट गल्लीत शिरतं. हे टेबल बंद दाराआड राहिलं, आणि जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते मनात कसं राहणार?

१९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये जोन्स यांनी पुन्हा जग जिंकलं. अर्जुन पुरस्कार, पद्मश्री, बिलियर्ड्सची बारा आणि स्नूकरची पाच राष्ट्रीय विजेतेपदं. मग स्पर्धा सोडली आणि ते शिकवायला लागले. १९८४ मध्ये डब्लिनला हौशी स्नूकरचा जगज्जेता झालेला ओम अगरवाल त्यांच्या हाताखालून गेलेला, अशोक शांडिल्यही.

परत १९९६ मध्ये. इस्त्री थंड व्हायला ठेवून मार्कर चहा आणतो. बाकावर बसल्या बसल्या तुम्हाला जड जातं, कारण तुम्हाला पुढचं माहीत आहे. या वर्षाचा द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना मिळणार आहे. पुण्यातच जन्मलेला एक मुलगा, वय वर्षं अकरा, बंगळूरमध्ये नुकता क्यू धरायला शिकलाय. पंकज अडवाणी. पुढे वीसहून जास्त जागतिक विजेतेपदं त्याच्या नावावर लागणार आहेत. त्यातलं पहिलं तो २००३ मध्ये चीनमध्ये जिंकेल, स्नूकरचं. आणि त्याच २००३ च्या ऑक्टोबरात जोन्स मुंबईत जग सोडतील. पहिली बातमी त्यांच्या कानात सांगावी असं फार वाटतं. दुसरी जिभेवर येऊ नये म्हणून तुम्ही पहिलीही गिळता.

मुलगा बाजूला झालाय. मार्कर तुमच्या हातात क्यू देतो. "साहेब म्हणतात, बघता काय, खेळा."

खडू लावा. डावा पंजा कापडावर रोवा, अंगठा उचला, क्यू त्या खाचेत. हनुवटी क्यूच्या वर आणा. फटका हाफ बॉल मारायचाय, म्हणजे तुमच्या बॉलच्या मधोमध निघालेली रेष लालच्या बरोबर कडेवर जायला हवी. पहिला फटका तुम्ही घाबरून जोरात मारता. लाल कुशनवरून धावत थेट तुमच्या टोकापर्यंत येतो. मागून कोणीतरी तुमचा कोपर दोन बोटं आत ढकलतं. वळून बघू नका. मार्करने लाल पुन्हा मध्यावर ठेवलाय.

या वेळी हात सैल ठेवून मारा. पांढरा मधल्या पॉकेटमध्ये पडतो. लाल समोरच्या कुशनला टेकून उतरत येतो, मंदावतो, आणि निघाला होता तिथून चार बोटांवर थांबतो.

"तीन," मार्कर म्हणतो, पॉकेटमधला बॉल काढून तुमच्या हातावर ठेवतो. "आता असे वीस."