गाणं लावणं

संगीतकार चाल लावतो, गायक सूर लावतो, मैफलीआधी कोणीतरी तंबोरे लावतं आणि घरी बसलेला माणूस गाणं लावतो. ही कामं किती वेगळी! तरी मराठीने सगळ्यांना एकच क्रियापद दिलं. वाद्य वाजवतात, गाणं मात्र लावतात. रेडिओ आला तेव्हा तो लावला गेला, रेकॉर्ड आली तेव्हा ती लावली गेली, कॅसेट आणि सीडीही लावल्याच गेल्या. आता गाणी संगणकावरच्या एखाद्या पानावर ओळीने मांडलेली असतात आणि त्रिकोणी बटणाशेजारी 'प्ले करा' असं लिहिलेलं असतं. घरात मात्र कोणी 'गाणं प्ले कर' म्हणण्याआधी 'लाव ना' म्हणून जातं. बटणाशेजारी 'लावा' एवढंच लिहिलं तर शब्द बोटाइतकाच सहज जागेवर पोचेल.

हजारो गाण्यांचा संग्रह ब्राउझरमधून ऐकण्याची सोय करायची, तर रंग आणि बटणांच्याही आधी मथळ्यांचे शब्द ठरवावे लागतात. कपाटाला कप्पे किती आणि कप्प्यांवर नावं कोणती, यावर आत ठेवलेलं सापडणार की हरवणार हे ठरतं. बहुतेक पडद्यांवर कप्पे तीनच दिसतात: आर्टिस्ट, आल्बम, ट्रॅक. या शब्दांच्या मागे एका वेगळ्याच वस्तूचा इतिहास उभा आहे.

'आल्बम' लॅटिन आहे. 'आल्बुस' म्हणजे पांढरा. रोममध्ये पांढऱ्या फळ्यांवर जाहीर सूचना लिहीत, त्या फळीला आल्बम म्हणत. सोळाव्या शतकात जर्मन विद्यार्थी मित्रांच्या सह्या आणि चार ओळी कोऱ्या पानांच्या वहीत घेऊ लागले आणि शब्द वहीकडे गेला. पुढे त्या वहीत फोटो आले. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-चार मिनिटांत संपायची, म्हणून मोठी रचना अनेक तबकड्यांवर पसरे. त्या सगळ्या ठेवायला फोटोंच्या वहीसारखी, पाकिटांची पानं असलेली जाड बांधणी निघाली. १९०९ साली ओडियन कंपनीने चायकोव्हस्कीची 'नटक्रॅकर' रचना चार तबकड्यांच्या अशा संचात काढली. १९४८ मध्ये कोलंबियाची लाँग-प्ले आली, तेव्हा संपूर्ण वही एका तबकडीत मावली. वही गेली, नाव राहिलं. आज फाइलींच्या एका गटाला आपण आल्बम म्हणतो, पण त्यात पांढरं काही नाही आणि पानही नाही.

'तबकडी' हा शब्द तर इतका मराठी वाटतो की त्याचं मूळ शोधावंसंही वाटत नाही. अरबी 'तबक' फारसीतून आपल्याकडे आलं आणि पानसुपारीचं तबक झालं. त्याला मराठीने लघुत्वाचा '-डी' लावला. 'ध्वनिमुद्रिका' घडवणाऱ्याची दृष्टी त्याहून सूक्ष्म होती. मुद्रिका म्हणजे मोहोर उमटवायची अंगठी. वर्तुळाकार वस्तू आणि उमटलेला ठसा, दोन्ही एका शब्दात आले. मला हा शब्द मराठीतल्या सर्वांत सुंदर पारिभाषिक शब्दांपैकी एक वाटतो आणि तो मागे पडतो आहे याचं वाईट वाटतं.

ठशाबरोबर नावही उमटावं लागतं. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेस्बर्गने कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण केलं. गाणं संपताच त्या इंग्रजीत आपलं नाव सांगतात. मेणावरचा मूळ ठसा जर्मनीत हॅनोव्हरला जायचा, तबकड्या तिथे निघायच्या. कारखान्यातल्या लोकांना ना भाषा कळायची ना आवाज ओळखू यायचा. लेबलावर कोणाचं नाव छापायचं हे त्यांना कळावं म्हणून गायिकेनेच ते शेवटी उच्चारलं.

चौऱ्याण्णव वर्षांनी, १९९६ मध्ये, एमपीथ्री फाइलला नाव जोडायची युक्ती निघाली, तीही फाइलच्या शेवटीच. शेवटचे १२८ बाइट राखून ठेवायचे: शीर्षकाला ३० अक्षरं, कलाकाराला ३०, आल्बमला ३०, सालाला ४, टिपणीला ३० आणि संगीताच्या प्रकाराला एक आकडा. अक्षरं रोमन वळणाची. प्रकारांची मूळ यादी ८० नावांची. तिच्यात पोल्का आहे. ख्याल नाही, ठुमरी नाही, अभंग नाही. ही यादी कोणी आकसाने केली नव्हती, करणाऱ्याच्या कानावर जे होतं ते त्याने लिहिलं. पण त्या तीस अक्षरांत आपलं संगीत कोंबताना जी मोडतोड झाली, ती आजही संग्रहांमधून दिसते. रागाचं नाव कुठे शीर्षकात, कुठे आल्बमच्या जागी. नाटकाचं नाव टिपणीत. 'गंधर्व' रोमनमध्ये कुठे शेवटी 'ए' लावून तर कुठे न लावता, त्यामुळे एकाच गायकाचे दोन गायक झालेले.

इथे आपला 'शोधणे' हा शब्द उपयोगी पडतो. संस्कृत 'शुध्'पासून आलेल्या या क्रियापदाचा मूळ अर्थ शुद्ध करणं. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, अपपाठ काढून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेही शोधणंच. संशोधन त्याच घरातलं. मराठीत निवडून साफ करणं आणि हवं ते हुडकणं ही दोन्ही कामं एका शब्दात राहिली, आणि मोठ्या संग्रहाच्या बाबतीत ती खरोखर एकच आहेत. नावं शुद्ध केलेली नसतील तर शोधाची चौकट कितीही देखणी असो, तिच्यात टाकलेला 'मन्सूर' अर्धेच मन्सूर आणून देईल.

अकारविल्हे मांडणीतही हेच होतं. इंग्रजी नावांच्या सुरुवातीचा 'द' क्रम लावताना सोडून द्यायची रीत ग्रंथालयांपासून चालत आली आहे आणि गाण्यांच्या पुष्कळ प्रणालींनी ती उचललीही. आमच्याकडे 'पंडित' आणि 'उस्ताद' आहेत, आणि नाटकांपुढे 'संगीत' आहे. 'संगीत सौभद्र', 'संगीत शारदा', 'संगीत मानापमान' सगळी 'स'खाली गोळा होतात आणि अर्धे गवई 'प'खाली. श्रोत्याच्या मनात मात्र मानापमान 'म'खालीच असतं. नाव दाखवताना 'संगीत' ठेवावं, क्रम लावताना ओलांडावं: एका ओळीचा नियम आहे आणि त्याने शेकडो पदं आपापल्या घरी जातील.

'प्लेलिस्ट'साठी 'यादी' आहेच, तिच्यात फारसी 'याद' आहे. विसरू नये म्हणून लिहिलेली ती यादी. 'सूची' मात्र सुईपासूनची, टोकाने दाखवणारी. ग्रामोफोनच्या सुईलाही संस्कृतात सूचीच म्हणावं लागेल.

'शफल'ला पत्त्यांच्या खेळातून आलेला 'पिसणे' आहे, आणि गाणी पिसण्यात एक गंमतीची अडचण निघाली. खरोखर यदृच्छेने गाणी निवडली की एकाच गायकाची दोन-तीन गाणी लागोपाठ येऊ शकतात, आणि श्रोत्यांना वाटतं की यंत्र पक्षपात करतंय. स्पॉटिफायच्या अभियंत्यांनी २०१४ मध्ये ही तक्रार मांडून, एका कलाकाराची गाणी दूर दूर पेरणारी रीत वापरत असल्याचं सांगितलं. म्हणजे यदृच्छा वाटावी म्हणून यदृच्छा कमी केली! २०२१ मध्ये अडेल या गायिकेच्या आग्रहावरून त्याच कंपनीने आल्बमच्या पानावरचं मुख्य बटण पिसण्याऐवजी क्रमाने लावणारं केलं. मला अडेलचं म्हणणं पटतं. क्रम हासुद्धा रचनेचा भाग असतो.

गीतरामायणाइतकं हे कुठेच स्पष्ट दिसणार नाही. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी ५६ गीतं प्रसारित झाली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या आणि आवाज अनेकांचे: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, स्वतः फडके. पुढे फडक्यांनी ती सगळी एकट्याने गायली. आता हा मूळ संच 'आर्टिस्ट'च्या कप्प्यात टाकून पाहा. काही गीतं माणिक वर्मांखाली, काही वसंतरावांखाली, बरीच फडक्यांखाली, आणि तिथे नंतरच्या संचाशी त्यांची सरमिसळ. माडगूळकर तर कुठेच नाहीत. रामायण अकारविल्हे लागलं की वनवास आधी आणि जन्म नंतर.

यात यंत्राची असमर्थता नाही. १९९८ मध्ये फाइलच्या सुरुवातीला माहिती ठेवायची नवी रीत आली. तिच्यात संगीतकाराला वेगळा रकाना आहे, गीतकारालाही आहे, गाण्याच्या क्रमांकालाही आहे. रकाने आहेत, पडद्यावर मात्र त्यांना दार नाही. आकाशवाणीचे निवेदक गाण्याआधी तीन नावं सांगत आले: गीत, संगीत, स्वर. हेच तीन मथळे पडद्यावर बरोबरीने यावेत, नाट्यपदांसाठी 'नाटक' आणि मैफलींसाठी 'राग' यावा. 'गीत'खाली शांता शेळक्यांच्या नावावर बोट ठेवलं की त्यांनी लिहिलेलं सगळं समोर यावं, चाल कोणाचीही असो आणि गायलेलं कोणीही असो.