बागेतील कीटकांचे ऋतुचक्र आणि मॅक्रो छायाचित्रण

बेळगावच्या खडेबाजारसारख्या गजबजलेल्या पेठेत बाग म्हणजे बहुधा गच्चीवरील दहा-बारा कुंड्या, मागील दारचे तुळशीवृंदावन आणि भिंतीलगत वाढलेला एखादा कढीपत्ता. तरीही तुळशीला मंजिऱ्या आल्या की तिच्यावर निरनिराळ्या जातींच्या मधमाश्या हजेरी लावतात. कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी लिंबू फुलपाखराची लहान अळी बसलेली आढळते. नुसत्या डोळ्यांना हे सारे ‘माशी’ आणि ‘किडा’ या दोन शब्दांतच संपते. त्या दोन शब्दांपलीकडचे जग उलगडून दाखवण्याचे काम मॅक्रो छायाचित्रण करते.

तंत्र आणि साधने

छायाचित्रातील विषयाची प्रतिमा कॅमेऱ्याच्या संवेदकावर प्रत्यक्ष आकाराइतकी किंवा त्याहून मोठी उमटते, तेव्हा त्यास काटेकोर अर्थाने मॅक्रो छायाचित्रण म्हणतात. या प्रमाणात खरी अडचण येते ती स्पष्टतेच्या खोलीची. ३६ × २४ मिलिमीटरच्या संवेदकावर एफ ११ इतके छिद्र ठेवले, तरी जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो. सुमारे एक सेंटिमीटर लांबीच्या माशीचे डोळे स्पष्ट आले, तर पंख धूसर होतात. छिद्र फार लहान केल्यास प्रकाशाच्या विवर्तनामुळे संपूर्ण चित्रच मऊ पडते. त्यामुळे बाजूने, कीटकाच्या शरीराला समांतर राहून चित्र घेणे हा पहिला धडा ठरतो. स्थिर कीटकाची थोड्या थोड्या अंतराने टिपलेली अनेक चित्रे संगणकावर एकत्र जोडण्याची पद्धतही रूढ आहे.

उडताना मधमाशीचे पंख सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा हलतात. ती गती गोठवण्यासाठी फ्लॅशचा अत्यल्पकाळ टिकणारा झोत उपयोगी पडतो. मात्र त्यापुढे पांढरा कागद किंवा पातळ कापड धरून तो सौम्य करावा लागतो. महागडे भिंग नसल्यास साध्या भिंगामागे लावायच्या पोकळ नळ्या, उलटे भिंग बसवण्याची कडी किंवा मोबाइलवर अडकवायचे छोटे भिंग यांवरही चांगली सुरुवात होते.

माशी कोणती, हे ओळखताना

पहिली खूण पंखांची. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, तर खऱ्या माश्यांना एकच जोडी. फुलांवर घिरट्या घालणाऱ्या, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या कित्येक ‘मधमाश्या’ वास्तविक वेष पांघरलेल्या निरुपद्रवी माश्या असतात. त्यांचे मोठे डोळे आणि आखूड स्पर्शिका छायाचित्रात चटकन लक्षात येतात.

या परिसरात मध गोळा करणाऱ्या चार प्रकारच्या देशी माश्या प्रामुख्याने दिसतात. उंच झाडाला, पुलाला किंवा पाण्याच्या टाकीला एकच प्रचंड पोळे टांगणारी ती आग्या माशी. झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत एकाआड एक समांतर पोळी बांधणारी ती सातेरी; पेटीत पाळली जाते ती हीच. झुडपाच्या फांदीला तळहाताएवढे एकच पोळे करणारी ती फुलोरी. भिंतीच्या फटीतून मेण-राळेची बारीक नळी बाहेर काढणारी चौथी माशी डंखहीन असून तिला पोयाची माशी म्हणतात. याखेरीज एकेकट्या राहणाऱ्या माश्या आहेत: लाकूड पोखरणारा काळा भुंगा, गुलाबाच्या पानाचे गोल तुकडे कापून नेणारी पानकापी माशी आणि पोटावर निळे पट्टे मिरवणारी माशी. ही निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला धरून अंग थरथरवते आणि वांगी-टोमॅटोच्या फुलातील परागकण झाडून घेते. सातेरीला ही कला साधत नाही.

उन्हाळा

चैत्र-वैशाखात जांभूळ आणि करंज फुलतात, तेव्हा माश्यांची वर्दळ झाडांच्या शेंड्याशी असते. गच्चीवर त्या येतात त्या पाण्यासाठी. पोळे थंड राखण्याकरिता कामकरी माश्या पाणी वाहून नेतात. उथळ ताटलीत खडे ठेवून पाणी भरले, तर पाणी पिणाऱ्या माशीची सोंड टिपण्याची उत्तम संधी मिळते. दुपारचे ऊन तीव्र सावल्या पाडते. त्यामुळे सकाळी नऊच्या आत काम उरकणे इष्ट.

पावसाळा

पहिल्या सरींबरोबर मोकळ्या जमिनीवर मखमली लाल मृगाचा किडा अवतरतो. छायाचित्रात त्याचे आठ पाय मोजता येतात आणि तो कीटक नसून कोळ्यांच्या गोत्रातील जीव असल्याचे कळते. आषाढाच्या संततधारेत माश्या पोळ्यातच राहतात. हा काळ अळ्यांचा. लिंबू आणि कढीपत्त्यावर लिंबू फुलपाखराच्या, रुईवर केशरी-काळ्या ‘प्लेन टायगर’च्या, तर कण्हेरीवर ‘कॉमन क्रो’च्या अळ्या सापडतात. निपाणी परिसरात तंबाखूची पाने खाणारी अळीही एका साध्या करड्या-तपकिरी पतंगाचीच बाल्यावस्था होय. श्रावणात ऊन-पावसाच्या खेळात फुलपाखरे पंख उलगडून ऊन खात बसतात. दमट हवेत भिंगावर बुरशी धरते, म्हणून साधने सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावीत.

शरद

आश्विनातले निवळलेले ऊन छायाचित्रकारासाठी सर्वांत उदार. झेंडू आणि शेवंतीवर फुलपाखरांची गर्दी होते. खुळखुळ्याच्या झुडपावर ‘टायगर’ आणि ‘क्रो’ गटांतील नर फुलपाखरे विशिष्ट अल्कलॉइड मिळवण्यासाठी जमतात. याच सुमारास पिवळसर चतुरांचे थवे मोकळ्या जागांवर तरंगताना दिसतात. ही जात भारतातून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जाते, असे अभ्यासकांचे निष्कर्ष आहेत. गच्चीवरील काठीवर क्षणभर विसावलेला चतुर अशा दीर्घ प्रवासाचा वाटसरू असू शकतो.

हिवाळा

समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवरील बेळगावात पौषातील पहाटे चांगलीच गार असतात. गारठ्यात कीटकांचे स्नायू तापेपर्यंत त्यांना उडता येत नाही. देठाला जबड्याने धरून रात्रभर झोपलेले निळ्या पट्ट्यांच्या माशीचे नर अशा वेळी दवबिंदूंसह टिपता येतात. पुढे आंब्याला मोहर येतो, तेव्हा त्यावर साध्या माश्यांचे राज्य असते. आंब्याच्या परागीभवनात त्यांचा वाटा मोठा आहे. घाटाखाली गोव्यात याच काळात काजू फुलतो आणि मधमाश्यांचा मोर्चा तिकडे वळतो.

नोंदींची परंपरा

ऋतूनुसार कीटक पाहण्याची परंपरा या भागाला नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारवार परिसरात जेम्स डेव्हिडसन, टी. आर. बेल आणि ई. एच. एटकेन या तिघा सरकारी अधिकाऱ्यांनी फुलपाखरांच्या अळ्या घरी वाढवून त्यांच्या खाद्यवनस्पतींची नोंद केली. उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांवरील त्यांची लेखमाला १८९६ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे १९३७ मध्ये बेल यांनी स्कॉट यांच्यासह हॉक मॉथ या पतंगांवरील ग्रंथ प्रकाशित केला. त्यांच्यापाशी आजचा कॅमेरा नव्हता. तारीख, ठिकाण आणि वनस्पती न चुकता लिहिण्याची शिस्त मात्र होती.

आजच्या छायाचित्रालाही तीच शिस्त मोल देते. केवळ सुंदर चित्रावरून जात ओळखता येतेच असे नाही. चेहरा, पंखांच्या शिरा, मागचा पाय आणि पोट अशी निरनिराळ्या कोनांतली चित्रे, शिवाय कीटक ज्या झाडावर होता त्याचे एक चित्र घ्यावे. एकाच गच्चीवर दोन-तीन वर्षे अशी नोंद ठेवली, तर कोणती माशी कोणत्या पंधरवड्यात येते आणि कोणती येईनाशी झाली, हे दिसू लागते.

पथ्ये

चित्रासाठी कीटकाला शीतपेटीत गारठवणे, पोळ्याची फांदी वाकवणे किंवा कोष तोडून आणणे वर्ज्य मानावे. आग्याच्या पोळ्याजवळ जाऊ नये. एका माशीने डंख मारला की त्यासोबत सुटणारा गंध इतर माश्यांना हल्ल्याची सूचना देतो. तेथे लांब पल्ल्याचे भिंगच योग्य.

या ज्ञानाचा उपयोग छायाचित्राच्या चौकटीपुरता राहत नाही. घराजवळ पोळे दिसताच धूर, आग किंवा कीटकनाशकाचा फवारा हा अनेक ठिकाणचा पहिला उपाय असतो. परंतु सुरक्षित अंतरावरून घेतलेले एक स्पष्ट चित्र ते पोळे आग्याचे की फुलोरीचे, हे सांगू शकते. आग्या असल्यास जाणकाराला बोलवावे, शक्यतो पोळे न मारता हलवावे. फुलोरीचे चिमुकले पोळे मात्र न छेडल्यास सहसा कोणाला त्रास देत नाही. भिंतीच्या फटीतील पोयाच्या माशीला तर डंखच नाही. पेटवलेली मशाल परत ठेवण्यास एवढी ओळख पुष्कळदा पुरेशी ठरते.