सामोआतील इन्फ्लुएंझाची साथ, १९१८

सामोआतील इन्फ्लुएंझाची साथ, १९१८ : पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जगभर पसरलेल्या इन्फ्लुएंझाच्या साथीत (महाराष्ट्रातील ‘मानमोडी’) दक्षिण पॅसिफिकमधील एकाच द्वीपसमूहाच्या दोन भागांत दिसलेली मृत्युदराची टोकाची तफावत. पश्चिम सामोआत सु. ८,५०० माणसे, म्हणजे लोकसंख्येच्या २२ टक्क्यांच्या आसपास, दगावली. शेजारच्या अमेरिकन सामोआत या साथीत एकही मृत्यू नोंदला गेला नाही. दोन्हीकडची भाषा, घरे, आहार आणि सोयरिकी एकच. मधली सीमा १८९९ च्या करारातली : उपोलू व सवाई ही पश्चिमेची बेटे जर्मनीकडे, तुतुइला व मानुआ ही पूर्वेची अमेरिकेकडे. १९१४ मध्ये जर्मन भाग न्यूझीलंडच्या सैन्याने घेतला व कर्नल रॉबर्ट लोगन तेथील प्रशासक झाला.

‘तालून’ जहाज : ३० ऑक्टोबर १९१८ रोजी हे जहाज ऑकलंडहून निघाले. ऑकलंडमध्ये साथ सुरू झाली होती. पण इन्फ्लुएंझाचे रुग्ण कळवणे त्या दिवसापर्यंत कायद्याने बंधनकारक नव्हते, त्यामुळे जहाजाला सुटण्याचा परवाना सहज मिळाला. फिजीतील सुवा बंदरात त्याच्यावर क्वारंटाइन लावण्यात आला. ७ नोव्हेंबरला ते उपोलूवरील अपियाला पोचले तेव्हा मात्र बंदरावरील वैद्यकीय अधिकाऱ्याने मोकळीक दिली आणि आजारी प्रवासी किनाऱ्यावर उतरून आपापल्या गावी गेले. सुवाची हकिकत कप्तानाने सांगितली नाही की अधिकाऱ्याने विचारली नाही, हा वादाचा मुद्दा राहिला आहे. न्यूझीलंडहून अपियाला आधी इशारा गेला नव्हता, याविषयी वाद नाही. एका सकाळच्या तपासणीत जे व्हायला हवे होते ते झाले नाही, आणि त्याची किंमत सारा देश मोजत राहिला.

काही आठवड्यांत साथ उपोलू व सवाई या दोन्ही बेटांवर पसरली. प्रौढ पुरुषांपैकी सु. ३० टक्के, स्त्रियांपैकी २२ टक्के आणि मुलांपैकी १० टक्के मरण पावले. साथीचा घाला कर्त्या माणसांवर पडल्याने घरोघर तारो (अळूचे कंद) खणून आणायला, चूल पेटवायला कोणी उरले नाही. तापातून वाचलेले काही जण उपासमारीने गेले. अपियाजवळच्या वाइमोसो येथे सामुदायिक दफने झाली.

अमेरिकन सामोआ : नौदलाचा अधिकारी जॉन मार्टिन पॉयर तेथे गव्हर्नर होता. बिनतारी संदेशांतून साथीची बातमी कळताच त्याने येणाऱ्या जहाजांवर क्वारंटाइन लावला. पण धोका केवळ तुतुइलावरील पागो पागो बंदरातून नव्हता. उपोलू आणि तुतुइला यांमधील सु. ६५ किमी. समुद्र नातेवाईक होड्यांनी नेहमी ओलांडत. म्हणून गावप्रमुखांच्या मदतीने किनाऱ्यावर पहारे बसवण्यात आले. या यशाचे श्रेय बहुतेक लेखनात एकट्या पॉयरला मिळते. त्याला ‘नेव्ही क्रॉस’ हे पदकही लाभले. आप्तांच्या होड्या परत फिरवणाऱ्या गावकऱ्यांचा वाटा त्याहून कमी मानता येणार नाही. निर्बंध १९२० पर्यंत टिकले.

अपियाच्या टपालबोटीला पागो पागोत प्रवेश नाही हे कळल्यावर लोगनने अमेरिकन सामोआशी असलेला बिनतारी संपर्क तोडला. पॉयरने देऊ केलेली वैद्यकीय मदतही पश्चिमेकडे पोचली नाही. लोगनच्या हेतूविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

वैद्यकीय मदत : ऑस्ट्रेलियाचे ‘एन्काउंटर’ हे जहाज डिसेंबरच्या सुरुवातीस अपियाला आले, तोवर साथीचा भर ओसरत चालला होता.

परिणाम : १९१९ च्या न्यूझीलंडच्या चौकशी आयोगाने साथ ‘तालून’मुळेच आली असे ठरवले व प्रशासनाच्या हलगर्जीपणावर ठपका ठेवला. जानेवारी १९१९ मध्ये सामोअन प्रमुखांनी न्यूझीलंडची सत्ता नको, कारभार अमेरिकेकडे किंवा थेट ब्रिटनकडे द्यावा, असा अर्ज केला होता. तो नंतर मागे घेण्यात आला. ही कटुता १९२० च्या दशकातील न्यूझीलंडच्या सत्तेविरुद्धच्या ‘माऊ’ चळवळीत उतरली. २००२ मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी अपियात जाहीर माफी मागितली.

इतर बेटे : ‘तालून’ याच फेरीत टोंगालाही गेले व तेथेही साथ पसरली. फिजीत सु. ५ टक्के लोक मेले. न्यू कॅलेडोनियाने बंदरे कडक राखली. तेथे साथ १९२१ मध्ये पोचली.