वस्तादाच्या हाताखालची वर्षे

उमेदवारीचा इतिहास सांगताना आपण लोहार, सुतार, फार तर गिरणीतला साचेवाला पाहतो. आचारी राहून जातो, कारण त्याच्याकडे कागद नसतो. म्हणून जालना, अंबड, मंठा या भागांतल्या जुन्या आचाऱ्यांना विचारत मी हिंडलो.

लग्नसराईत वस्तादाबरोबर फिरणारा पोऱ्या पहिल्या वर्षी पातेली घाशी, पाणी भरी, कांदे सोली. मग कणीक मळणे, चर खणून केलेल्या चुलीचा जाळ राखणे. बुंदीचा झारा हाती यायला दोन-तीन हंगाम जात. पाकाला एक तार आली का, हे अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतच कळते. सांगून येत नाही. मसाल्याचे प्रमाण वस्ताद सर्वांत शेवटी दाखवी, काही जण तर फक्त पोटच्या पोराला. मोबदला म्हणजे दोन वेळचे जेवण आणि हंगाम संपताना कपडे. याला गुरुकुल म्हणून गोंजारणे मला पटत नाही. शिकणे खरे होते, राबवून घेणेही तितकेच खरे.

शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ सालचा. तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. जिल्हा झाला तो १ मे १९८१ला. या कायद्याने ठरलेली मुदत, विद्यावेतन आणि प्रमाणपत्र दिले, किमान वय १४ ठेवले. पण तो रचला कारखान्यांच्या हिशेबाने. लग्नाच्या मांडवापर्यंत काही पोचला नाही.

१० ऑक्टोबर २००६ पासून ढाबे, हॉटेले आणि घरकामात १४ वर्षांखालील मुले ठेवायला बंदी आली. योग्यच झाले. मात्र भटारखान्याचे दुसरे दार, म्हणजे आयटीआयचा ‘फूड प्रॉडक्शन’चा एक वर्षाचा अभ्यासक्रम, दहावी मागतो. दसरा-दिवाळीनंतर अंबड-घनसावंगीकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. आईबापांबरोबर गेलेल्या पोराची शाळा नेमकी तिथेच सुटते. म्हणजे ज्याला या कसबाची सर्वांत जास्त गरज, तोच उंबऱ्याबाहेर.

२०१५च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, काम आधीच येत असलेल्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. अंबडकडच्या एका साठीतल्या आचाऱ्याला मी हे सांगितले, तर त्याने विचारले, “घेणाऱ्याला पाक येतो का?” प्रश्न रास्त आहे. माझा प्रश्न मात्र त्याच्या हाताखालच्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोऱ्याचा: ही सोय शिकून झालेल्यांसाठी आहे, आणि तो अजून कांदेच सोलतो आहे. त्या वर्षांचे विद्यावेतन त्याला कोणी देत नाही.