लॅथ्रोबियम (पंखहीन पर्वतीय जाती)
स्टॅफिलिनिडी या साठ हजारांहून अधिक जातींच्या भुंगेरा-कुलातील एक प्रजाती. चीन, तैवान व जपानमधील डोंगररांगांत तिच्या पंखहीन जाती विपुल आहेत. पालापाचोळा, शेवाळ आणि दगडांखालची ओल हे त्यांचे घर. मागचे पंख नष्टप्राय, पुढचे कठीण पंख आखूड आणि डोळे बहुधा लहान असतात. या कुलातील उडणाऱ्या भुंगेऱ्यांत उदराच्या सातव्या खंडाच्या मागच्या कडेला पंखांच्या घडीसाठी बारीक झालर असते. पंखहीन जातींत ती सहसा नसते. उडता येत नसल्याने दरी ओलांडणे अवघड. परिणामी एकेका शिखरापुरती मर्यादित जाती निर्माण होते.

नव्या जातीचे वर्णन करताना पाचोळा चाळून मिळवलेले नमुने तपासतात. बाह्यरूप फसवे असते. शेजारच्या दोन शिखरांवरचे भुंगेरे वरून सारखेच दिसतात, म्हणून नराचे जननांग काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेच लागते; खरी ओळख त्याच्या आकारावरूनच पटते. नुसत्या मादीवरून नवी जाती जाहीर करणे त्यामुळे धाडसाचे. एक नमुना नामधारक (होलोटाइप) म्हणून संग्रहालयात ठेवतात. लॅथ्रोबियम हे नाव नपुंसकलिंगी असल्याने विशेषणरूपी जातिनामही त्याच लिंगात चालवावे लागते, आणि कीटकशास्त्रज्ञाला थोडे लॅटिन व्याकरण घोकावे लागते.

भारतीय उपखंडातील या कुलासाठी माल्कम कॅमरन यांचे 1930 पासून प्रसिद्ध झालेले खंड आजही चाळावे लागतात.